मालकाचं नाव जुळत नाही

तीर्थस्वरूप भावोजी यांच्या सेवेशी,

मेहुण्याचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण परवा प्लॅटफॉर्म काटा उचलताना कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच स्वीकारावा. इकडे सर्व क्षेम. तिकडची, म्हणजे तुमची, ताईची आणि तुमच्या त्या पित्ताची खुशाली कळवावी. (पित्त आमच्यामुळे होतं असं तुम्ही ताईजवळ म्हणाल्याचं कानावर आलं. दोन वर्षांत तुम्ही आमचं तोंड पाहिलेलं नाही आणि पित्त तर तसंच आहे असं ताई म्हणते. म्हणजे कारण दुसरं असावं. डॉक्टरांना दाखवावं.) पत्र पाहून दचकू नका. कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही आणि मला तुमच्याकडून काहीही नको आहे. बरेच दिवस खबरबात नाही म्हणून सहज लिहायला बसलो. फोन केला असता, पण माझा फोन तुम्ही उचलत नाही, आणि दुकानाची ई-मेल सध्या बंद आहे. ती का बंद आहे हे सांगण्यातच पेनातली शाई संपणार असं दिसतंय, तेव्हा शेजारी पाणी घेऊन बसा.

आईचे गुडघे बरे आहेत. अप्पा आहेत तसेच आहेत. सकाळी सगळ्यांच्या आधी घराला लागूनच्या दुकानात जातात, मागच्या खोलीतली प्रमाण वजनं पेटीतून काढून फडक्याने पुसतात, पुन्हा पेटीत ठेवतात, आणि बाजारातले सगळे काटे खोटे आहेत या आनंदात दिवस घालवतात. दुसऱ्याच्या काट्यात केसाएवढा फरक सापडला की त्यांना जे समाधान होतं ते माझ्या लग्नातसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं. असा डोळ्यांत तेल घालून तपासणारा माणूस, आणि त्याने तुमच्या बाबतीत सलूनच्या खुर्चीत ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला. नेमकं काय झालं होतं हे तुम्हाला कोणी कधी नीट सांगितलंच नाही, म्हणून सांगतो. शेजारच्या खुर्चीत फेस लावून बसलेले कोणी गृहस्थ सांगत होते, की त्यांच्या जावयाने त्यांच्या दुकानाचं इंटरनेटवरचं नाव परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि पुढे विकून मोकळा झाला. अप्पा दाढी अर्धी ठेवून उठले. (अतिशयोक्ती वाटेल, पण आठवून पाहा, त्या दिवशी जेवताना त्यांनी डावा गाल तुमच्याकडे फिरवलाच नव्हता.) आणि तुम्ही पहिला घास घेताय तोच त्यांनी विचारलं, की आपल्या वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर आहे? विचारलं कसलं, उलटतपासणीच घेतली. तुम्ही म्हणालात, ‘तपासून घ्या,’ आणि भरल्या पानावरून उठलात. ताई तुमच्यामागे गेली, आई ताईच्या मागे गेली, आणि कोणीतरी बसायला हवं म्हणून मी बसलो आणि जेवलो. (यावरून तुमचा माझ्यावर वेगळा राग आहे असं कळतं. भावोजी, ताटं वाढलेली होती.)

त्यानंतर दोन वर्षं कोणी काही तपासलं नाही. अप्पांनी तपासलं नाही, कारण त्यांची खात्री होती. आईने तपासलं नाही, कारण तिचीही खात्री होती, फक्त उलट बाजूने. आणि मी या भानगडीत पडलो नाही, कारण अप्पांचंच खरं निघालं असतं तर ताईच्या घरी कोणत्या तोंडाने जायचं हा प्रश्न होता. वेबसाइट आपली चालू होती. पार्सलवाले, शीतगृहवाले, पिठाच्या गिरण्या, सगळ्यांची बोलावणी तिच्यावरच्या ई-मेलवर येत होती, मी पेटी उचलून जात होतो, काटे जुळवून परत येत होतो. तुम्ही रविवारचे येऊन त्या कॉम्प्युटरपुढे बसून हे सगळं उभं केलंत हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण खात सगळे त्याच्यावरच होते.

एके सकाळी शीतगृहाच्या मॅनेजरचा फोन आला. दुःखी आवाजात म्हणाला, ‘कळलं. कधी बंद केलंत दुकान?’ मी दुकानातच उभा होतो. वेबसाइट उघडून पाहिली तर आपल्या काट्यांचे फोटो गायब, नुसतं पांढरं पान, आणि त्यावर सूचना, की या नावाच्या मालकाची पडताळणी न झाल्यामुळे हे नाव स्थगित केलेलं आहे. मुदतीत पडताळणी न झाल्यास ते खुल्या विक्रीला जाईल. माझी समजूत अशी, की एकदा पाटी लावली की ती आपली. इंटरनेटवर तसं नसतं म्हणे. तिथे पाटीची जागा भाड्याची असते, आणि ती देणारी कंपनी मधूनमधून विचारते, की अहो पाटीवाले, तुम्ही आहात ना, पत्ता आणि फोन तोच आहे ना? हो म्हटलं की झालं. उत्तरच दिलं नाही तर पाटी उतरवतात. विचारणा आली होती. दुकानाच्या ई-मेलवर एकदा नाही, अनेकदा आली होती. पण तिची सुरुवात ‘प्रिय मालक’ अशी होती, आणि मला आजवर कोणीही प्रिय किंवा मालक म्हटलेलं नसल्यामुळे ती जाहिरात असणार असं धरून मी ती दर वेळी कचऱ्यात टाकली. वर समोरच्या रांगेत एक नवीन काटेवाला आला आहे. तो आल्यागेल्याजवळ चौकशी करतो, की यांचं नाव सुटतंय कधी. हे नाव त्याच्या हाती लागलं तर शीतगृहाचं बोलावणं त्याच्याकडे जाणार आणि अप्पा पुसलेली वजनं परत पुसत बसणार.

आता पडताळणी म्हणजे काय, तर कंपनी एक कोड पाठवते आणि आपण तो तिला परत सांगायचा. (आपलीच वस्तू आपल्याला देऊन परत मागण्यात काय मजा आहे हे मला अजून कळलेलं नाही.) कोड ई-मेलवर मागवला. तो गेला दुकानाच्या ई-मेलवर, आणि दुकानाची ई-मेल नावासकट बंद. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद केल्याचा हा प्रकार. मग दुसरा मार्ग म्हणजे फोन. तिथे नंबराच्या जागी नुसत्या चांदण्या आणि शेवटचा आकडा तेवढा उघडा. चार. तुमचा नंबर चारवर संपतो हे मला तोंडपाठ आहे, कारण न उचलला जाणारा नंबर माणूस विसरत नाही. तेव्हा कोड तुमच्याकडे जाणार हे उघड झालं आणि अप्पांनी ‘बघ!’ म्हणून काउंटरवर अशी थाप मारली, की जुळवून ठेवलेला किराणावाल्याचा काटा पुन्हा जुळवायला लागला.

मी ताईला फोन केला. ती आधी म्हणाली, तुम्हा पुरुषांच्या मध्ये मी पडणार नाही, आणि मग पडली. मी बटण दाबायचं, तिने तुमच्या फोनकडे लक्ष ठेवायचं, असं ठरलं. मी बटण दाबलं. ताई म्हणाली, काही आलं नाही. परत दाबलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी दाबलं, तिसऱ्या दिवशी दाबलं. ताई म्हणे, यांच्या फोनवर काही येतच नाही, आणि अप्पा म्हणत, कोड दाबून बसलाय. त्यात इकडे एक वेगळाच उच्छाद. मागे ताईने अप्पांना बजावून ठेवलं होतं, की फोनवर कसला कोड आला तर तो चोराचा समजायचा, कोणालाही सांगायचा नाही आणि ताबडतोब पुसायचा. तेव्हापासून अप्पा चोरांची वाटच बघत होते, आणि चोरही नेमके याच दिवसांत सोकावले. मी बटण दाबून ताईच्या उत्तराची वाट बघतोय, तोच काउंटरच्या दुसऱ्या टोकाला अप्पांचा फोन टुण् वाजायचा. अप्पा चष्मा कपाळावर चढवून बघायचे, ‘आला परत मेला!’ म्हणायचे आणि पुसून टाकायचे. संध्याकाळी आईला सांगायचे, आज इतके पळवले. एकदा तर मी वैतागून म्हटलं, अप्पा, तो फोन जरा गप्प करा, मला इथे कोडची वाट बघायची आहे.

शेवटी मी बाजारातल्या एका वेबसाइटवाल्याकडे गेलो. हा दातांच्या दवाखान्याच्या वर बसतो, आणि बाहेरचं बाक दोघांत एकच असल्यामुळे कोण कशासाठी कण्हतंय हे कळत नाही. त्याला दर वाक्यात ‘सिंपल आहे’ म्हणायची सवय. म्हणाला, सिंपल आहे, कोड मिळत नसेल तर कंपनीला फोन लावायचा, मालकाने स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं, नोंदीशी जुळलं की पुढचं सगळं सिंपल. मी म्हटलं, मालक रुसून गेले आहेत. तो म्हणाला, मग तुम्ही व्हा मालक, फोनवर कोणाला दिसतंय?

भावोजी, रागावू नका, मी तुमचा आवाज काढला. तो काढायला कठीण नाही. वाक्याच्या आधी घसा खाकरायचा आणि वाक्याच्या शेवटी ‘बरोबर?’ म्हणायचं. मदतीच्या नंबरवर एक अतिशय गोड बोलणाऱ्या बाई आल्या. मी घसा खाकरला आणि तुमचं पूर्ण नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘नाव जुळत नाही.’ आडनाव आधी घेऊन बघितलं. जुळत नाही. वडिलांचं नाव गाळलं. जुळत नाही. बायकोच्या नावावर असेल म्हणून ताईचं नाव सांगितलं, सासरचं, मग माहेरचं. (बाईंना वाटलं असणार, हे गृहस्थ कोण नि काय आहेत?) जुळत नाही. बाईंनी शक्य तितक्या हळुवारपणे विचारलं, ‘सर, आपल्याला आपलं नाव नक्की माहीत आहे ना?’ माझी ततपप झाली, घसा मात्र सवयीने खाकरला गेला, आणि मी म्हणालो, ‘बरोबर?’ बाईंनी फोन ठेवला.

घरी आल्यावर हे सांगितलं तर अप्पांचा आवाज असा चढला, की समोरचा काटेवाला दारात येऊन उभा राहिला. खोट्या नावाने घेतलंय, म्हणाले, आता बोल! खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तुमचा संशय आला. नाव तुमचं नाही, ताईचं नाही, माझं नाही (तेही मी येता येता परत फोन लावून हळूच सांगून बघितलं होतं). मग आहे कोणाचं? आई तेवढी म्हणाली, की तो असं करणार नाही, आणि आत निघून गेली. तिला इंटरनेटवरचं नाव म्हणजे काय हे ठाऊक नाही. तुम्ही म्हणजे काय हे ठाऊक आहे एवढंच.

परवा दुपारी मी पुन्हा बाईंना फोन लावला. या खेपेला स्वतःच्या आवाजात, नुसतं गयावया करायला. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. बाई म्हणत होत्या, सर, मी फक्त मालकांशी बोलू शकते, आणि तुमच्या विनंतीवरून आम्ही आत्ता परत कोड पाठवलेला आहे. तेवढ्यात पलीकडे टुण् वाजलं. अप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘आण तो इकडे,’ म्हणून त्यांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि बाईंना म्हणाले, की इथे मालकाची पाटी उतरवून बसलायत, आणि तिकडे चोर मला दिवसरात्र कोड पाठवतायत त्यांना कोण आवरणार? बाईंनी विचारलं, ‘आपलं नाव, सर?’ अप्पांना नाव विचारलेलं आवडत नाही. त्यांनी स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, तिन्ही, काटा तपासल्याचा शिक्का मारतात तसं एकेक ठोकून सांगितलं.

पलीकडे बटणांची टकटक ऐकू आली. मग बाई म्हणाल्या, ‘नमस्कार सर. नाव जुळलं. मालक आपणच आहात. आत्ता आपल्या फोनवर आलेला कोड सांगता का?’

अप्पा म्हणाले, ‘कोड मी कोणाला सांगत नाही,’ आणि फोन ठेवून दिला.

मग माझ्या डोक्यात एकेक प्रकाश पडत गेला. अप्पांचाही नंबर चारवर संपतो. घरातल्या माणसाचा नंबर कोण पाठ करतो? माझ्या फोनमध्ये तो ‘अप्पा’ एवढाच आहे. आणि बाईंना आम्ही तुमच्यापासून माझ्यापर्यंत सगळी नावं सांगितली, पण ज्यांचं चोरीला गेलं म्हणून बोंब मारत होतो त्यांचंच नाव सांगून बघावं हे कोणाच्या मनात आलं नाही. मी अप्पांना समजावून सांगितलं, की ते चोर म्हणजे मीच होतो. अप्पा, नाव तुमच्या नावावर आहे, फोन तुमचा दिलेला आहे, भावोजींचं त्यात अक्षरही नाही. अप्पांनी विचारलं, ‘कधी केलं त्याने?’ मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून असणार, दुसऱ्या कोणी हात लावलेलाच नाही. त्यांनी फोन पालथा ठेवला. मागच्या खोलीत गेले. सकाळी पुसलेली वजनं पेटीतून काढली आणि परत पुसायला बसले, आणि पुसता पुसता एकच वजन इतका वेळ हातात धरून बसले, की माझ्याने बघवेना. आई चहा घेऊन आली, काय झालं विचारलं, आणि सांगितल्यावर म्हणाली, ‘मग? मी काय म्हणत होते?’ (ती दोन वर्षं काहीच म्हणत नव्हती, पण त्याच सुरात.)

तुम्ही हे वाचताना हसत असाल. हसा, तुमचा हक्क आहे. पण भावोजी, ‘तुमच्याच नावावर आहे’ एवढं तीन शब्दांत सांगितलं असतंत तर आपण सगळे जेवलो असतो.

आता परिस्थिती अशी, की पाटी उतरलेली आहे, मुदत संपत आली आहे, मालक सापडलेला आहे, कोड मालकाच्या फोनवर आहे आणि मालक सांगत नाही. मी विनवलं, आईने विनवलं, वेबसाइटवाला स्वतः जिना उतरून येऊन म्हणाला, की सिंपल आहे. अप्पा म्हणतात, पोरीने बजावलंय. तेव्हा आम्ही असे आहोत. प्रकृतीला जपा. ताईला नमस्कार सांगा आणि त्याच्या बदल्यात तिच्याकडूनही काही नको म्हणावं.

आपला मेहुणा

ता. क. मला तुमच्याकडून काहीही नको असं पहिल्या पानावर लिहिलं आहे. तेवढं वाक्य खोडून वाचावं. अप्पा परवा संध्याकाळी दुकान बंद करताना पाठमोरे राहून म्हणाले, की ज्याने नावावर केलं त्याला बोलाव, कोड त्याच्यासमोरच सांगेन. भावोजी, चुकलं हा शब्द अप्पांना उच्चारता येत नाही. प्रयत्न केला तर ठसका लागतो. हे त्यांना जमेल त्या भाषेत आहे. तुम्ही या. ताईला घेऊन या. नाव गेलं तर शीतगृह जाईल, दुसरं मिळेल. पण अप्पांनी या दोन वर्षांत कॉम्प्युटरपुढच्या त्या खुर्चीत मलासुद्धा बसू दिलेलं नाही, मी सगळी कामं उभ्याने करतो, आणि कंबर धरली आहे ती काट्याने नव्हे. आणि मलाही तुमची फार आठवण येते, हे एकदा लिहून टाकतो म्हणजे समोर आल्यावर बोलायला नको.

ता. क. २. तुमचं पित्त, तुमचा माझ्यावरचा राग वगैरे ताई आम्हाला सांगते हे तुम्हाला कळलं असं ताईला कळू देऊ नये. ती मध्ये पडत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. काल दुपारी गिरणीवर निघालो, स्क्रू-ड्रायव्हर विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आलो, तर मागच्या खोलीचं दार लोटलेलं आणि आतून अप्पांचा दबका आवाज. बाईंना एकेक आकडा सांगत होते. शेवटी म्हणाले, ‘आणि हे आमच्या मुलाला सांगू नका, बाई. जावई यायचे आहेत.’ मी पाऊल न वाजवता बाहेर आलो आणि रस्त्यात उभा राहून पाहिलं, तर वेबसाइट चालू. फोटोसकट. संध्याकाळी मी काही बोललो नाही. आज सकाळी अप्पा विचारत होते, पत्र टाकलंस का, मुदत संपत आली. तेव्हा तुम्ही आलात की अप्पा चष्मा कपाळावर चढवतील आणि कुठलातरी कोड सांगतील. तो कशाचा असेल देव जाणे. तुम्ही फक्त खुर्चीत बसा, आणि हसू न येऊ देता तो नीट लिहून घ्या.